आमच्या जिन्यातल्या लेडी हॅस्करबी

वैजूताई लेडी हॅस्करबी झाल्या त्याच्या आधीपासून माझी त्यांच्याशी ओळख होती, हे मी चारचौघांत मुद्दाम सांगतो. ग्लासगोतल्या निम्म्या मराठी मंडळींनाही हल्ली तसंच आठवतं. फरक एवढाच, की त्यांची ओळख बातमी फुटल्यावर जुनी झाली. माझी खरोखरच जुनी होती.

नोकरीसाठी ग्लासगोला आलो तेव्हा लाल दगडाच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. पहिल्याच आठवड्यात दार वाजलं. बाहेर साठीच्या पुढची एक ठेंगणी बाई. पांढऱ्या केसांचा बॉबकट, साडीवर पुरुषी कार्डिगन.

"पुण्याचा ना तू?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"जिन्यात दोनदा समोरून गेलास, ओळख दाखवली नाहीस. तवाच समजली मी." मग सूर बदलून, "गोळाभात केला आहे. खाली ये खायला. आणि बूट वाजवत नको फिरत जाऊ बाप्पा, एडी पेपर तपासून राहिला."

ही डॉक्टर वैजयंती. माहेर नागपूरचं, धरमपेठेतलं. भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या इस्पितळात सगळी नोकरी काढली आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," त्या म्हणायच्या, "म्हणून जागेपणी कोणी बावळटपणा केला की मला सोसत नाही." त्यामुळे त्यांना बरंच काही सोसत नसे. त्यांची एक सवय होती. कोणाशी गंभीर बोलायचं असलं की त्या समोरच्याचं मनगट धरायच्या. नाडी बघत असाव्यात. माणसाला वाटायचं, मायेने हात धरलाय. आणि मग त्या जे बोलायच्या त्याने नाडी आपोआप वाढायची.

एडी म्हणजे त्यांचा नवरा एडमंड. शाळेत भूगोल शिकवायचा. उंच, पोक काढून चालणारा, दमलेल्या बगळ्यासारखा दिसणारा इंग्रज. तो एका सरदारघराण्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फांदीवरचा आहे हे वैजूताईंना लग्नानंतर समजलं. त्यांनी त्याकडे नवऱ्याला दम्याचा त्रास आहे, एवढ्याच गांभीर्याने पाहिलं.

त्यांना दोन मुलं. थोरली रेवा पोटची. केंब्रिजला गव्हाच्या वाणांवर संशोधन करायची. धाकटा कॅलम दत्तक. ग्लासगोच्या गोव्हन भागातला, जन्माने पक्का स्कॉटिश, लाल केसांचा, इलेक्ट्रिशियन. गंमत अशी, की सावळी, नाकेली, आईवर गेलेली रेवा कोणाला एडमंडची मुलगी वाटायची नाही आणि कॅलमकडे पाहून कोणालाही वाटायचं, बापाचा छाप आहे. कॅलमचं मराठी नागपुरी वळणाचं आणि ग्लासगोच्या उच्चारांचं. बाई-पुरुष हा भेद त्याच्या व्याकरणाला मंजूर नव्हता. "माझा आई आला काय?" असं तो दारातून ओरडायचा, आणि आई आतून ओरडायची, "आला रे बाप्पा, आला!"

तर एके दिवशी जेवताना फोन आला. नॉरफॉकमधल्या वकिलाचा. एडमंडचा एक लांबचा चुलतभाऊ, दहावा बॅरन हॅस्करबी, बिनलग्नाचा वारला होता आणि मधले सगळे वारस त्याच्या आधीच आटपले होते. एडमंडने फोन ठेवला आणि अपराध्यासारखा म्हणाला, "व्हायजू, मी लॉर्ड झालो असं दिसतं."

"हो का? मग भांडी घासून टाक," वैजूताई म्हणाल्या. आणि त्याने घासली, असं त्या शपथेवर सांगायच्या.

या लॉर्डपणाचा इतिहास त्यांनी मला पाटवडी वाढता वाढता सांगितला होता. कोण्या एका राजाचा घोडा शिकारीत लंगडा झाला. जवळच असलेल्या एका जमीनदाराने आपला घोडा दिला. राजा खूश झाला, घोडेवाला बॅरन झाला. त्या एका घोड्यावर पुढच्या सगळ्या पिढ्या बसल्या. चौथ्याने एका यादवी भांडणात बरोबर वेळेवर बाजू बदलली, आणि वारं फिरलं तेव्हा परत बदलली. सातवा हिंदुस्थानात जाऊन आला. त्याच्या तसबिरीत कमरेला एक रत्नजडित तलवार आहे. "ती ह्याला कोणी बारशाला दिली असेल का?" वैजूताईंचा प्रश्न. आठव्याने जमीन उडवली, नवव्याने हवेली विकली. आता तिथे हॉटेल आहे, तळघरात स्पा. वरच्या सभागृहातल्या वंशपरंपरेच्या खुर्च्याही सरकारने काढून घेतल्यासारख्याच होत्या. म्हणजे घर नाही, जमीन नाही, खुर्ची नाही. उरलं फक्त नाव. आणि ते नाव मिळवायलाही लंडनच्या एका कार्यालयात आईबापांच्या लग्नाचे दाखले, आजोबांच्या लग्नाचे दाखले, सगळं सादर करायचं.

"म्हणजे जात पडताळणीच की!" वैजूताई खूश झाल्या. "आणि हे लोक आपल्याला शिकवून राहिले होते."

शेवटी नाव यादीत चढलं. एडमंड शाळेत जात राहिला. पोरं त्याला 'सर' म्हणायची ती 'माय लॉर्ड' म्हणू लागली, मग आठवड्याभरात कंटाळून परत 'सर' म्हणू लागली. कंटाळलं नाही ते आमचं मराठी मंडळ.

तोवर मंडळाने वैजूताईंचा उपयोग फक्त एका कामी केला होता. भारतातून आलेल्या सासूसासऱ्यांचं बीपी वाढलं, की त्यांना फुकट फोन करायचा. त्या वर्षी गणपतीत मात्र त्या प्रमुख पाहुण्या झाल्या. अध्यक्ष साठे यांनी इंटरनेटवर रात्री जागवून शिष्टाचार पाठ केले होते. "लेडी वैजयंती म्हणायचं नाही बरं का," ते प्रत्येकाला बजावत होते, "ते अर्लच्या मुलीला. बॅरनच्या पत्नीला लेडी हॅस्करबी!" नागपूरच्या बाईला नावाने हाक मारणं इंग्रजी शिष्टाचाराला चालत नाही याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. हार आला, शाल आली. "आपल्या मराठी मातीची लेक आज इंग्लंडच्या सिंहासनाच्या..." साठे चाचपडले, "...परिसरात पोचली आहे."

वैजूताईंनी माइक घेतला.

"इथे बसलेल्यांपैकी चार-पाच जणांच्या ऑपरेशनला मी भूल दिली आहे. सगळे परत उठले. तेव्हा कोणी हार घातला नाही. आता माझ्या नवऱ्याचा एक चुलतभाऊ, ज्याला मी कधी पाहिलं नाही, तो मेला, तर तुम्ही मला हार घातला. तेव्हा हा सत्कार खरा त्या मेलेल्या माणसाचा आहे. त्याच्या वतीने मी स्वीकारते. आरती सुरू करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, साठ्यांनी सगळ्यात जोरात.

इथवर सगळी मजा होती. मजा संपली ती नॉरफॉकमध्ये.

मेलेल्या दहाव्या बॅरनसाठी त्या गावच्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. मी तेव्हा कामासाठी केंब्रिजला होतो. रेवा म्हणाली, "चल ना तू पण. मला एकटीला त्या लोकांत नको." मी गेलो. चर्चच्या दारात एडमंडची आत्या उभी होती. पॅट्रिशिया, नव्वदीला टेकलेली, ताठ, मोत्यांची माळ घातलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातात आपला कोट दिला. रेवाला विचारलं, "चहा हॉटेलवर आहे ना, की इथेच आणलात?" रेवा म्हणाली, "मी एडमंडची मुलगी." "हो का, किती छान," आत्या म्हणाली आणि पुढे वळली. तो कोट मी दिवसभर सांभाळला.

मग तिची नजर कॅलमवर पडली. आपल्या हाडकुळ्या हातांनी तिने त्याची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिचे डोळे भरून आले.

"हे नाक! थेट हॅस्करबींचं नाक!"

"थँक्स," कॅलम म्हणाला. "नाक गोव्हनचं आहे. मी दत्तक आहे, तुम्हाला माहीत नाही?"

आत्याने हनुवटी सोडली. तापलेला तवा सोडावा तशी.

आत सगळ्यात पुढचा बाक घराण्याचा. कॅलम बसायला गेला तर आत्याने काठीने मागचा बाक दाखवला. आवाज अगदी गोड. "इथे वारस बसतात, डिअर." आणि त्या जागी जाइल्स येऊन बसला. जाइल्स हा आणखी लांबचा भाऊ, पन्नाशीचा, गुलाबी गालांचा. एडमंडनंतर नाव त्याच्याकडे जायचं होतं. कारण त्या जुन्या घोड्याच्या सनदेत लिहिलं होतं, की किताब 'देहापासून कायदेशीर जन्मलेल्या पुरुष वारसां'कडेच जाईल. रेवाकडे रक्त होतं, पण ती मुलगी. कॅलम पुरुष होता, पण रक्त नव्हतं. हल्ली दत्तक मुलांना नावाआधी 'ऑनरेबल' लावायची परवानगी आहे. म्हणजे पंगतीत बसा, पान वाढणार नाही.

कॅलम मागे जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. वैजूताईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, मागच्या बाकावर जाऊन त्याच्या शेजारी बसल्या. मग रेवा उठली. आणि मग स्वतः अकरावे बॅरन हॅस्करबी आपलं पोक आणि प्रार्थनेचं पुस्तक सांभाळत उठले आणि मागे जाऊन बसले. घराण्याच्या पुढच्या बाकावर आत्या आणि जाइल्स, मध्ये बरीच मोकळी जागा. पाद्री थोडा वेळ कोणाकडे बघून बोलावं या विचारात पडला होता.

एवढ्यावर संपलं असतं. पण नंतर चहाच्या वेळी, त्याच विकलेल्या हवेलीत, जाइल्स सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हॉटेलच्या मॅनेजरला सांगू लागला, की पुढेमागे तो लॉर्ड झाला की हॉटेलला त्याचं नाव वापरता येईल, बोलणी करू. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने वैजूताईंना खिडकीपाशी बोलावलं. मी कोट घेऊन मागेच उभा होतो. कोटवाल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, हे मला त्या दिवशी समजलं.

"जाइल्सपेक्षा तुमचा मुलगा बरा," आत्या कुजबुजली. "मुलाचा छोटा जन्मदाखला असतो ना, त्यावर दत्तक असल्याचं लिहिलेलं नसतं. आणि तो दिसतो किती एडमंडसारखा. हे आपण कोणी बोललोच नाही तर?"

मघाशी ज्याला काठीने मागे बसवलं, त्यालाच आता खोटेपणाने पुढे आणायचं होतं. घराणं शुद्ध राहायला हवं, मग ते खोटं बोलून का होईना.

वैजूताईंनी तिचं मनगट धरलं.

"मी नागपूरची आहे. आमच्या राजाला मुलगा नव्हता. राणीने दत्तक घेतला. तुमच्या लोकांनी सांगितलं, दत्तक नामंजूर, आणि राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती आणि दागिने बाजारात विकले. आम्हाला शाळेत पाचवीला होतं हे. तेव्हा रक्ताचा नियम तुम्हाला फार पवित्र होता. आता तुम्हाला जाइल्स आवडत नाही, तर तोच नियम मी माझ्या मुलाच्या नावाने मोडायचा?"

"मी त्याच्याच भल्याचं सांगतेय."

"तेच आम्हालाही सांगितलं होतं," वैजूताई म्हणाल्या आणि मनगट सोडलं. "तुमचं पल्स फार वाढलं आहे. बसा जरा."

कॅलम बाहेर गाड्यांपाशी होता. उघड्या खिडकीतून त्याने सगळं ऐकलं होतं. मी आत्याचा कोट घेऊन दारातच थांबलो. पुढे जावं की नाही ते कळेना. वैजूताई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला पाहिजे होतं काय रे ते?"

"नको." त्याने बुटाने खडी उडवली. "पण आई, तू तिला इतका पटकन 'नाही' का म्हणालास? एकदा तरी थिंक करायचा. मी तुझा पोटचा आहे असा बोलायला तुला लाज वाटते?"

वैजूताईंनी त्याचं मनगट धरलं. या वेळी नाडीवर बोट नव्हतं. नुसतंच धरलं.

"तुला घरी आणायला मी आणि एडी किती भांडलो ते तुला माहीत आहे? कौन्सिलशी, सोशल वर्करशी, माझ्या बापाशी. बाप्पा, रेवा तर आपोआप आली. तुला आम्ही मागून घेतलं. मी तुला पोटचा म्हटलं तर ते सगळं भांडण खोटं होते. ते मी करणार नाही. लॉर्ड काय, तुला राजा करत असतील तरी नाही."

कॅलमने उडवलेली खडी बुटाने परत सारखी केली. मग म्हणाला, "ओके. पण जाइल्स खरंच ईडियट आहे."

"ते तर आहेच," वैजूताई म्हणाल्या.

मागून रेवा येऊन म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही, मला व्हायचं होतं का ते." तिघं हसली. पण ती थोडी कमी हसली, हे मी पाहिलं. केंब्रिजला परतताना ती गाडीत एवढंच म्हणाली, "माझ्या गव्हात सुद्धा मादीकडून गुण येतात रे."

त्यानंतर दोन-एक वर्षांनी एडमंड गेला. शाळेच्या वर्गात, फळ्यावर समुद्रकिनाऱ्याची झीज कशी होते ते काढताना. दवाखान्यात पोचेपर्यंतसुद्धा थांबला नाही. वैजूताई मला म्हणाल्या, "मला एवढी भूल देता येते, आणि मी तिथे नव्हते." बास, एवढंच. पुढे कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

अंत्यविधी ग्लासगोतच, शहराच्या बाहेरच्या स्मशानगृहात. बर्फमिश्रित पाऊस होता. जाइल्स आदल्याच दिवशी आला होता. बारावा बॅरन. काळा कोट, काळी छत्री, आणि चेहऱ्यावर नुकतीच बढती मिळालेल्या माणसाचं दुःख. त्याने व्यवस्थापकाला बाजूला घेऊन सांगितलं, की घराण्याचा प्रमुख या नात्याने शवपेटीमागे पहिला तो चालेल. विधवा त्याच्यामागे.

व्यवस्थापक अवघडून वैजूताईंकडे आला. पांढऱ्या साडीवर एडमंडचं कार्डिगन घालून त्या उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. "चालू द्या त्याला पुढे."

कॅलम, रेवा आणि शाळेतले चार शिक्षक पेटी उचलून निघाले. जाइल्स मागोमाग, मान ताठ, नजर आकाशात. त्या जागी दोन प्रार्थनागृहं आहेत, एक मोठं, एक लहान. आमचं लहान होतं. पेटी डावीकडे वळली. आकाशात बघणारे बारावे बॅरन सरळ चालत मोठ्या दालनात शिरले, जिथे एका निवृत्त बसचालकाचा निरोप चालू होता. दरवाजा त्यांच्यामागे बंद झाला. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. त्या कुटुंबाने त्यांना कोणी जुना मित्र समजून आग्रहाने पुढे बसवलं होतं.

आत काय झालं ते वैजूताईंना नंतर समजलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एडीला सांगायला पाहिजे होतं." आणि पहिल्यांदा रडल्या.

जाइल्सला तीन मुली आहेत. मुलगा नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. तो गेला की घोडाही संपला, सनदही संपली. हे लक्षात आल्यावर पॅट्रिशिया आत्याने एकदा वैजूताईंना फोन केला. तुम्ही डॉक्टर आहात, जाइल्सच्या बायकोच्या बाबतीत आता काही उपाय होईल का, असं तिने फार नाजूकपणे विचारलं.

"मी भूलतज्ज्ञ," वैजूताई म्हणाल्या. "माझं काम झोपवायचं. तुमचं घराणं आधीच झोपलेलं आहे."

मग मला लंडनकडे, इल्फर्डजवळ नोकरी मिळाली आणि मी ग्लासगो सोडलं. निघायच्या दिवशी कॅलम म्हणाला, तो त्याच्या व्हॅनने मला स्टेशनवर सोडेल. वैजूताई म्हणाल्या, मीपण येते. व्हॅनमध्ये पुढे दोघांच्या मध्ये, वायरींच्या गुंडाळ्यांवर पाय ठेवून त्या बसल्या. स्टेशनसमोर गाडी उभी करायला जागा नव्हती. कॅलमने थांबायला मनाई असलेल्या दुहेरी पिवळ्या रेषेवर थांबवली, मी उतरलो आणि तो माझी बॅग काढायला मागे धावला. एवढ्यात पार्किंगची वॉर्डन बाई आली. जाडजूड, दिवसभर पावसात भिजून वैतागलेली.

"इथून काढा."

"पाच मिनिटं. मुलगा सामान काढून राहिला," वैजूताई बहुतेक अर्ध्या मराठीत म्हणाल्या.

"काढा म्हटलं ना."

आणि मग माझ्यादेखत, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, वैजूताईंनी सरकून खिडकीतून मान बाहेर काढली, पाठ ताठ केली आणि अतिशय थंड इंग्रजीत म्हटलं, "मी लेडी हॅस्करबी आहे."

वॉर्डनने त्यांच्याकडे पाहिलं. नाकावर ओघळलेला चष्मा, कार्डिगन, पायाशी वायरी. लाल केसांचा कॅलम, माझी सुटलेली बॅग.

"आय, अँड आयम द पोप, हेन," ती ग्लासगोच्या बोलीत म्हणाली. म्हणजे, हो ना, आणि मी पोप आहे, बाई. "मूव्ह द व्हॅन."

कॅलमला हसू आवरेना. "आई, चुप बस ना, ती चावेल!" वैजूताईंनी त्याच्या डोक्यात चापट मारली आणि मग त्याही हसू लागल्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एडमंड गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. व्हॅन हलली. त्यांना मला हात करायचा होता, पण हसण्यात त्यांना ते जमेना. कॅलमने त्यांचा हात धरून माझ्या दिशेने हलवला, आणि दोघं पावसातून वळणावर दिसेनासे झाले.